नौपाड्यातलं 'इंग्लिश व्हिलेज चर्च' किट: कटिंग झकास, पुस्तिका मात्र बाजूला ठेवा

ठाणे पश्चिमेला, नौपाड्यातल्या एका मॉडेल-साहित्याच्या दुकानात हे लेझर-कट किट मिळतं. स्केल १:१००, किंमत १,८५० रुपये. खोक्यात ३ मिमी एमडीएफच्या पाच शीट, १ मिमी प्लायची एक शीट, ओएचपी फिल्मवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकवर छापलेल्या खिडक्या आणि आठ पानांची पुस्तिका. जोडून झालं की लांबी भरते ३२ सेंमी: मनोरा ५, लोक बसतात तो लांब भाग म्हणजे नेव्ह १८ आणि पूर्वेकडचा वेदीचा भाग म्हणजे चॅन्सल ९. खाचा-खुंट्या नेमक्या बसतात, कुठे कानस मारावी लागत नाही. त्या बाबतीत पैकीच्या पैकी मार्क.

घोळ आहे तो जोडणीच्या क्रमात. पुस्तिका सांगते, आधी चारी भिंती उभ्या करा, मग छप्पर, शेवटी मनोरा. असं केलं की चर्च एका बिल्डरने एका दमात बांधल्यासारखं दिसतं, आणि इंग्लंडच्या खेड्यातलं जुनं चर्च तसं क्वचितच असतं. बाराव्या शतकात लहानसं नेव्ह आणि त्याहून लहान चॅन्सल, तेराव्यात चॅन्सल लांबवलं, चौदाव्यात दक्षिणेला नेव्हला लागून आइलची पडवी काढली, पंधराव्यात पश्चिमेला मनोरा आणि मग नेव्हच्या भिंती वर चढवून त्या वाढीव पट्ट्यात क्लेरस्टोरीच्या खिडक्या, असा साधारण प्रवास. तुकडेही ह्याच क्रमाने जोडा. आइल जोडताना नेव्हची दक्षिण भिंत पाडायची नसते, तिलाच कमानी पाडायच्या असतात. किटमधला कमानींचा तुकडा ह्या बाबतीत बरोबर आहे: कमानींच्या वरची भिंत जुनीच राहते.

मनोरा क्लेरस्टोरीच्या आधी लावायचा, कारण त्याच्या पूर्वेच्या अंगावर जुन्या छपराची खूण हवी. नेव्हचं मूळ छप्पर उभट होतं, ते काढलं तरी मनोऱ्याच्या दगडात उलट्या व्हीसारखी रेघ राहून जाते. जुन्या चर्चसमोर उभं राहून त्याचा इतिहास वाचायचा तर जाणकार आधी तीच शोधतो. किटमध्ये ती नाही. भिंत चिकटवण्यापूर्वी कटरने कोरून घ्या: ५० अंशांचा उतार, नेव्हची रुंदी ६ सेंमी, म्हणजे टोक जुन्या भिंतीच्या माथ्यापासून साडेतीन सेंमी वर. जुनी भिंत ५ सेंमी, क्लेरस्टोरी धरून ७. म्हणजे टोक नव्या छपराच्या वर, बाहेरून दिसेल आणि खूणेचा बाकी भाग आत जाईल.

आता त्या छपराचं. किटने क्लेरस्टोरीवर दातेरी कठडा दिलाय आणि त्याच्या आत पुन्हा उभट छप्पर. हे जमत नाही. कठड्याआडची ती छपरं शिशाच्या पत्र्याची असत. शिसं जड, उभट उतारावर उन्हाने तापून स्वतःच्या वजनाने खाली सरकतं, म्हणून उतार कमी ठेवायचा. १ मिमी प्लायमधून १० अंशांचं छप्पर कापा. ६ सेंमी रुंदीवर मधला कणा जेमतेम ५ मिमी वर येतो. कठड्याआडून ते खालून दिसणारही नाही, आणि तसंच अपेक्षित आहे. उभट छप्पर चॅन्सलवर ठेवा, फक्त त्यावर कोरलेली नक्षी चक्क मंगलोरी कौलांची आहे, ती घासून काढा. कॉट्सवोल्डसारख्या भागात दगडी पाट्या असतात, वळचणीला मोठ्या आणि कण्याकडे लहान होत गेलेल्या. कार्डशीटच्या पट्ट्या खाली ६ मिमी रुंदीपासून सुरू करून वर दीड मिमीपर्यंत आणल्या की काम होतं.

चॅन्सलला वेगळा रंग द्या. पुस्तिका सगळीकडे एकच पिवळट छटा द्यायला सांगते, पण ह्या दोन भागांचे पैसे भरणारे वेगळे होते. चॅन्सलची जबाबदारी रेक्टरची, म्हणजे चर्चच्या उत्पन्नाच्या हक्कदाराची; नेव्हची गावकऱ्यांची. त्यामुळे एक घडीव दगडात आणि दुसरं ओबडधोबड दगडात चुन्याचा गिलावा करून, असं शेजारीशेजारी दिसतं. ही जबाबदारी जमिनीबरोबर फिरत राहिली, आपल्याकडे देवस्थान इनामाची जमीन कसणाऱ्यावर दिवाबत्तीचा खर्च असायचा तशी. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो इथल्या शेतजमिनीच्या मालकांवर चॅन्सलच्या दुरुस्तीचा बोजा हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, २००३ साली कायम ठेवला!

किटची सगळ्यात मोठी उणीव भिंतीच्या जाडीत आहे. ३ मिमी म्हणजे प्रत्यक्षात ३० सेंमी. आपल्या विटांच्या इमारतीला ठीक, पण नॉर्मन काळातली, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकातली भिंत सहज ९० सेंमी असते. जाडी नसेल तर त्या काळातल्या खिडकीचं मर्मच जातं: बाहेरून अरुंद फट, आत मात्र तिरकी उघडत गेलेली, म्हणजे थोड्या उजेडात जास्त भागतं. उपाय खर्चाचा नाही. एमडीएफची आणखी एक शीट घ्या आणि नेव्हच्या उत्तर भिंतीला आतून दोन थर लावा. खिडकीचं भोक बाहेरच्या थरात ३ मिमी, मधल्यात ७, आतल्यात १२. मग कडा कानशीने तिरक्या करा. आतल्या थरांची लांबी दोन्ही टोकांना ३ मिमी कमी ठेवायला विसरू नका, नाहीतर कोपऱ्याच्या खाचा बसणार नाहीत.

खिडक्यांच्या बाबतीत पुस्तिका अगदीच बेफिकीर आहे. 'बाराव्या शतकातील खिडकी' म्हणून दाखवलेली चार गाळ्यांची खिडकी, वरपर्यंत सरळ गेलेले उभे दगडी दांडे आणि चपटी कमान, ही पर्पेंडिक्युलर शैलीची आहे, म्हणजे साधारण १३५० नंतरची. नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड, पर्पेंडिक्युलर ही विभागणी टॉमस रिकमन ह्या इंग्रज वास्तुकाराने १८१७ साली रूढ केली. त्यांच्या खुणा ह्याच क्रमाने: गोल कमान, निमुळती टोकदार खिडकी, वेलबुट्टीसारखी वळणदार जाळी, उभ्या रेषांची जाळी, एवढं लक्षात ठेवलं तरी चुकीचा तुकडा चुकीच्या भिंतीत जात नाही. फिल्मवरची काच लालनिळी भडक आहे. मध्ययुगीन रंगीत काच सोळाव्या आणि सतराव्या शतकात मोठ्या प्रमाणात फुटली; आज दिसते त्यातली बरीचशी व्हिक्टोरियन. रंगीत फिल्म फक्त पूर्वेच्या मोठ्या खिडकीला लावा, बाकी ठिकाणी कोऱ्या फिल्मवर ०.१ च्या पेनने शंकरपाळ्याची जाळी आखा. आणि हो, झटपट चिकटणारा गोंद फिल्मजवळ आणू नका, त्याच्या वाफेने ती पांढुरकी होते.

मनोऱ्याच्या वरच्या मजल्यालाही रंगीत फिल्म दिली आहे, ही मात्र हद्द झाली. तिथे घंटा असतात. काच लावली तर आवाज कोंडेल. तिथे तिरक्या लाकडी झडपा हव्यात: १ मिमी प्लायच्या पट्ट्या, ४५ अंशांत, उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाऊस आत येत नाही. घंटा एकच दिलीय, साखळीला टांगलेली. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतून आलेल्या घंटा आपल्या देवळांत अशाच टांगलेल्या दिसतात, म्हणून चूक समजण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये घंटा लाकडी चाकाला जोडून पूर्ण गोल फिरवतात आणि त्यांचा क्रम दर फेरीला बदलत वाजवतात. सहा घंटांचे ७२० क्रम होतात, सात घंटांचे ५,०४०, आणि तेवढे वाजवायला तीनेक तास लागतात. मॉडेलमध्ये सहा चाकं बसवायची गरज नाही, झडपा लागल्या की आतलं काही दिसत नाही.

आतल्या सामानात चॅन्सलच्या तोंडाशी येणारा लाकडी पडदा सुंदर कापलाय, १ मिमी प्लायमध्ये इतकी नाजूक जाळी ह्या किमतीत मिळत नाही. बाप्तिस्म्याचं पात्र मात्र वेदीजवळ दाखवलंय. ते पश्चिमेला, दाराजवळ ठेवा. बेसवरचा उत्तरेचा बाणही पोर्चकडे रोखलाय. पोर्च सहसा दक्षिणेला असतो. गाव उत्तरेला असेल तर उत्तरेलाही सापडतो, पण मग आइलचंही गणित बदलतं. त्यापेक्षा बाण खरवडून उलटा करा.

ठाण्याच्या हवेत हे किट पावसाळ्यात करायचं तर आधी कडा बंद करा. लेझरने जळलेली कड पाणी पिते, फुगते, आणि ऑगस्टमध्ये छप्पर भिंतीवर बसेनासं होतं. २२० नंबरच्या पेपरने काजळी काढून सँडिंग सीलरचे दोन हात, मधे घासणी. काजळी तशीच ठेवली तर फिकट रंगातून तपकिरी डाग वर येतात. फेविकॉल पातळ करून लावू नका, १ मिमी प्लाय वाकतो.

प्रत्यक्ष पाहून ताडायचं असेल तर एक सावधगिरी. मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट कॅथलिक, पोर्तुगीज परंपरेतलं, त्याचा इथे उपयोग नाही. ठाण्याचं सेंट जेम्स १८२५ सालचं अँग्लिकन आहे, पण ते कंपनी सरकारच्या काळात उभं राहिलेलं. शतकांचे थर तिथे मिळणार नाहीत. अर्ली इंग्लिश शैलीच्या टोकदार कमानी बघायला कुलाब्याचं अफगाण चर्च गाठा. हेन्री कॉनिबेअरने आखलेलं हे चर्च १८५८ साली खुलं झालं, शिखर १८६५ ला पुरं झालं. विहार तलावाचं कामही ह्याच कॉनिबेअरचं.

दुकानाबद्दल तक्रार नाही. तुटलेला तुकडा शीटचा नंबर सांगितला की बदलून देतात, वाशी-नेरुळला कुरियरही करतात. काउंटरवरच खोका उघडून प्लायची शीट वाकलेली नाही ना ते बघा. खोका ४० बाय ३० सेंमीचा आहे, तेव्हा संध्याकाळच्या लोकलने नेण्यापेक्षा दुपारी जाऊन आणलेला बरा.