थंड-ओला हिवाळा आणि बाइक: अधूनमधून चक्कर, की सरळ झाकून ठेवायची?

जिथे हिवाळ्यात थंडी आणि पाऊस हातात हात घालून येतात, तिथल्या बाइकवाल्याला दरवर्षी हा प्रश्न पडतो. तीन-चार महिने गाडी झाकून ठेवावी, की हवा आणि सवड जुळेल तशी छोटी चक्कर मारत राहावं? गंमत म्हणजे बरेच जण दोन्ही करत नाहीत. गाडी झाकायची आणि दर रविवारी पाच मिनिटं जागेवर सुरू ठेवून ‘गरम केली’ म्हणायचं. हा तिसरा मार्ग आधी बाद करू, कारण तो बाकी दोन्हींपेक्षा वाईट आहे.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन तापलेलं असेल तर ते वाफ होऊन बाहेर पडतं. इंजिन गार असेल तर थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली उतरते, थंड धातूवर तिचं पाणी होतं आणि ते ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल भरायच्या झाकणाला आतून सायीसारखा पिवळट थर दिसला, तर तो याचाच. हे पाणी उडायचं तर ऑइल नीट तापायला हवं आणि ते जागेवर पाच मिनिटांत तापत नाही. तापमानाचा काटा वर आला म्हणून फसू नका. तो बहुधा कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा असतो, ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं. सायलेन्सरमध्येही पाणी साचून आतून गंज धरतो. शिवाय सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढं जातं, तेवढं आयडलिंगवर परत येईलच असं नाही.

म्हणून माझा नियम: इंजिन सुरू केलं तर किमान अर्धा तास चालवायचं, नाहीतर किल्लीला हात लावायचा नाही. ‘छोटी चक्कर’ म्हणजे माझ्या लेखी ३० ते ५० मिनिटं. कोपऱ्यावरून दूध आणायला चालत जा.

आता खरी तुलना. झाकून ठेवण्याचं काम एका दुपारचं आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्लं आणि ओल असते, म्हणून ऑइल हिवाळ्याआधीच बदलायचं. लोखंडी टाकी असेल तर ती काठोकाठ भरायची, म्हणजे आत ओलसर हवेला जागा राहत नाही; पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर टाकून थोडं चालवायचं. टायरमध्ये हवा पुरती, जमल्यास चाकं स्टँडवर उचललेली. प्लास्टिकचा कागद टाकू नका, त्याखाली ओल कोंडते. हवा खेळणारं कव्हर हवं. बॅटरी काढून घरात, किंवा आपोआप थांबणाऱ्या चार्जरवर. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा. अलार्म बसवलेल्या गाड्यांची बॅटरी उभ्या-उभ्याच उतरते, तिथे चार्जर नाही म्हणजे मार्चमध्ये मनस्ताप ठरलेला. हे सगळं केलं की पुढे काही पाहावं लागत नाही.

चालवत राहण्याचा खर्च मात्र हप्त्याहप्त्याने येतो. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकत असतील तर प्रत्येक चक्करीनंतर गार पाण्याने गाडी धुवायची, चेन गरम आहे तोवर पुसून ल्यूब लावायचं. कपडे चढवणं, धुणं, पुसणं धरलं तर ४० मिनिटांच्या चक्करीला दीड तास जातो. हे आधीच मान्य केलं नाही तर दुसऱ्या आठवड्यात धुणं टळतं आणि तिसऱ्यात नट-बोल्टांवर तांबूस डाग दिसतात. (माझे दिसले होते. त्या वर्षी गाडी झाकली असती तर बरं झालं असतं.) बदल्यात हात आणि नजर सवयीत राहतात. चार महिन्यांनी पहिल्यांदा गाडीवर बसणाऱ्याची क्लचची बोटं आणि वळणावरचा अंदाज, दोन्ही थोडे बोथट झालेले असतात.

चालवायचं ठरलं तर संधी ओळखायची कशी? लोक आकाश बघतात, मी रस्ता बघतो. दोन दिवस समोर ठेवा: एक स्वच्छ, कोरडा, २ अंशांचा; दुसरा ढगाळ, भुरभुर पावसाचा, ९ अंशांचा. फोटोत पहिला छान दिसतो. पण सकाळची वेळ असेल तर मी दुसरा निवडेन. निरभ्र रात्री जमीन उष्णता गमावते, त्यामुळे हवा २ अंश असताना सावलीतला रस्ता शून्याखाली असू शकतो. पूल वरून आणि खालून दोन्हीकडून गार होतात, म्हणून ते आधी गोठतात. ओल्या रस्त्यावर हळू चालवता येतं. न दिसणाऱ्या बर्फावर हळू चालवूनही गाडी आडवी होते. तोच कोरडा दिवस दुपारी एक ते तीनच्या दरम्यान मात्र जिंकतो. ऊन लागलेलं असतं, वाऱ्याने रस्ता सुकलेला असतो. पाऊस सरून वारा सुटला की पुढची दुपार सहसा सगळ्यात चांगली संधी असते, आणि त्याच संध्याकाळी चारनंतर ती संपते. ऊन तिरपं येतं, समोरच्या गाडीवाल्याला तुम्ही दिसत नाही, हेही धरा.

जाऊन-येऊन असा लांब रस्ता की घराभोवतीचा गोल? हिवाळ्यात गोलच. कुठूनही दहा मिनिटांत घरी पोचता आलं की बोटं बधिर झाली तरी निर्णय सोपा राहतो. ५ अंशांत ६० किलोमीटरच्या वेगाने उघड्या कातडीला साधारण उणे २ सारखं लागतं. हातमोजे ओले झाले तर त्याहून वाईट. हँडल गरम करणाऱ्या ग्रिप उत्तम, पण त्या छोट्या अंतरात बॅटरीवर भार टाकतात, तेव्हा गाडी धावायला लागल्यावरच चालू करा. व्हायझरवर धुकं धरू न देणारी आतली काच मात्र हवीच, तिच्यात काटकसर नको.

हवा २५ अंशांवर भरली असेल तर ५ अंशांवर टायरमधला दाब सुमारे ३ पीएसआयने उतरतो. संधी न सांगता येते, म्हणून तपासणी आदल्या रात्री. गार रबर पकड कमी देतं. पहिली काही वळणं नवशिक्यासारखी घ्या.

तर कोणी काय निवडावं? गाडी उघड्यावर, रस्त्यावर मीठ आणि धुवायला नळ नाही: झाकून ठेवा, दुसरा विचार नको. छप्पर आहे, नळ आहे, आणि दुपारी तासभर निघता येतं: चालवा. दुपार फक्त रविवारचीच मोकळी असेल तर प्रश्न अवघड होतो, कारण रविवार बहुधा ओला निघतो. अशा माणसाला मी म्हणेन की गाडी पूर्ण तयारीनिशी झाकून ठेवा, पण बॅटरी चार्जरवर जोडलेली आणि हातमोजे दारामागच्या खुंटीवर राहू द्या.