आत्याच्या निखळलेल्या खुब्याचं ऑपरेशन, पुण्यातला अनुभव (5 पैकी 4 स्टार)

आत्याचा उजवा खुबा जन्मापासूनच निखळलेला. लहानपणी जुन्नरकडे कुणी निदानच केलं नाही, पोरगी लचकत चालते एवढंच सगळे म्हणायचे आणि तशातच पन्नाशी आली. आता कंबर आणि त्या बाजूचा गुडघा एवढा दुखायला लागला की रात्रीची झोप गेली. पुण्यात आधी एका ठिकाणी दाखवलं तर "एवढ्या वर्षांनी आता काय करणार, गोळ्या घ्या" म्हणून लगेच बाहेर, दुसरीकडे न तपासताच "साधं हिप रिप्लेसमेंट आहे, दोन्ही पाय एकदम सेम करून देतो". मला तर या दुसऱ्याचीच जास्त भीती वाटली.

इथल्या सरांनी पहिल्या भेटीत ऑपरेशनचा विषयच काढला नाही. आत्याला उभं करून आखूड पायाखाली लाकडी ठोकळे एकेक सरकवत गेले आणि दर वेळी विचारायचे, "ताई, आता कंबर सरळ वाटतीये का?" एक्स-रेत दोन्ही पायांच्या लांबीत फरक बराच दिसत होता पण आत्याला त्याच्या खूप आधीच सरळ वाटलं, कारण इतक्या वर्षांत कणाच त्या बाजूला वाकून कडक झालाय, मग मोजून पाय सेम केला तर तिला तोच लांब वाटणार. एवढं नीट आधी कुणी बघितलंच नव्हतं.

मग सीटी स्कॅन. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत नाहीच, पार वर सरकलाय (याला क्रो टाइप फोर म्हणतात, म्हणजे सगळ्यात जास्त निखळलेला प्रकार), मूळ वाटी उथळ, छोटीशी राहिलेली. नवीन वाटी मूळ जागीच बसवायची तर पाय खाली ओढावा लागतो, आणि साधारण 4 सेंटीमीटरच्या वर एकदम ओढला तर सायटिक नस (कमरेकडून पायात जाणारी मोठी नस) ताणून पाऊल लुळं पडू शकतं. म्हणून मांडीचं हाड खुब्याच्या जरा खाली कापून एक तुकडा काढून टाकतात आणि दोन्ही टोकं परत जोडतात. आखूड पायाचंच हाड अजून कापणार म्हटल्यावर घरी सगळे हादरले, पण सरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, आणि इन्फेक्शन, सांधा परत निखळणं, हाड जुळायला उशीर हे सगळे धोके आम्ही न विचारता सांगितले.

भूल उतरल्यावर सर स्वतः आले, "ताई, पाऊल वर ओढा बरं". ओढलं. आत्या रडलीच.

फिजिओच्या मॅडमना तर वेगळे 5 स्टार. खुब्याच्या बाजूचा स्नायू आयुष्यभर नीट वापरलाच गेला नाही, त्यामुळे लचक लगेच जाणार नाही, महिने लागतील हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. एक्स-रेत हाड जुळलेलं दिसेपर्यंत वॉकर, पूर्ण वजन टाकायचं नाही. मांडी घालून, उकिडवं बसणं बंद, घरात कमोड लागतोच, तो आधीच बसवून घ्या. गणपतीत आत्या पाटावर बसून मोदक वळायची, यंदा डायनिंग टेबलवर वळले, पण कंबर धरून उठली नाही.

एक स्टार कापला तो बिलिंगसाठी. जन्मजात आजार म्हणून इन्शुरन्सने क्वेरी काढली आणि काउंटरवरचे लोक नुसते या खिडकीतून त्या खिडकीत पाठवत राहिले, डिस्चार्जच्या दिवशी पेशंट संध्याकाळपर्यंत ताटकळला. कॅशलेस असेल तर ॲडमिट व्हायच्या आधीच डॉक्टरांचं सविस्तर पत्र घेऊन मंजुरी लेखी मागा, आणि जुने एक्स-रे असतील तेवढे सगळे सोबत न्या.