कोअरचे स्नायू मोजायचे कशाने: सरफेस ईएमजी की प्रेशर बायोफीडबॅकची पिशवी?

कोअरचे, म्हणजे पोट-कमरेभोवतीचे स्नायू बघायला सोनोग्राफीही चालते, पण ती आधीच बाजूला ठेवतो. ट्रान्सव्हर्सस हा पोटाचा सगळ्यात खोल स्नायू आकसून जाड होताना तिच्यात थेट दिसतो, पण १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे मशीन ठेवायचं म्हटलं की नोंदणी आणि कागदपत्रं आलीच. जळगाव-धुळ्याकडच्या छोट्या फिजिओ क्लिनिकला ते झेपणं कठीण. उरतात दोन पर्याय: त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूंचे विद्युत संकेत मोजणारं सरफेस ईएमजी, आणि दाब दाखवणारा काटा जोडलेली हवेची पिशवी. मी दोन्ही वापरलेत.

ईएमजीचं बळ मान्यच. प्लँक, साइड प्लँक, बर्ड-डॉग, कोणताही व्यायाम करून घ्या. पोटाचे रेक्टस आणि एक्स्टर्नल ऑब्लिक, पाठीचे इरेक्टर स्पायनी कधी जागे होतात ते वेगवेगळं दिसतं. पिशवीला हे जमत नाही. थीसिस करायचा असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, ईएमजीच घ्या. उन्हाळ्यात मात्र आपल्याकडे पारा ४५च्या आसपास जातो आणि घामाने ऑब्लिकवरचे इलेक्ट्रोड सुटतात. त्यावर कूलर, स्पिरिट, टेप असे उपाय आहेत.

माझं गाडं अडलं ते टक्केवारीवर. ईएमजीचे मायक्रोव्होल्ट दोन माणसांत थेट तोलता येत नाहीत, म्हणून आधी पेशंटकडून पूर्ण जोर लावून घ्यायचा आणि त्याच्या किती टक्के ते काढायचं. चोपड्याकडचा केळीचे घड वाहणारा मजूर टेबलावर पालथा असतो. मी खांदे दाबून म्हणतो, "लाव जोर." तो थोडा उचलतो आणि थांबतो. "कंबर दुखस ना भाऊ." त्याची खरी ताकद २०० मायक्रोव्होल्टची असेल आणि दुखण्यामुळे १०० च निघाले, तर व्यायामातले ६० मायक्रोव्होल्ट ३० टक्क्यांऐवजी ६० टक्के दिसतात. स्नायू तेवढंच काम करतोय, आकडा दुप्पट! कमी जोराचा ठरावीक व्यायाम पाया धरता येतो, पण मग छापील अभ्यासांशी आकडे जुळवता येत नाहीत. आपल्याकडे येणारे बहुतेक जण दुखतं म्हणूनच येतात, त्यामुळे ही अडचण मला रोजचीच झाली.

पिशवीत ही भानगड नाही. पालथं झोपवायचं, पोटाखाली पिशवी ठेवून काटा पाऱ्याच्या ७० मिलिमीटर दाबावर येईपर्यंत हवा भरायची आणि श्वास न कोंडता बेंबीखालचं पोट हळूच आत घ्यायला सांगायचं. काटा ४ ते १० मिलिमीटर उतरला आणि १० सेकंद टिकला, तर जमलं. पूर्ण जोर लागत नाही, दुखतही नाही. काटा पेशंटला दाखवला की तो स्वतःच सुधारतो. मला तरी हे आलेखापेक्षा जास्त उपयोगी पडलं. ट्रान्सव्हर्सस खोल असल्याने त्वचेवरच्या इलेक्ट्रोडना तो स्वच्छ वेगळा मिळतही नाही.

तुमचे पेशंट खेळाडू असतील तर कदाचित तुमचं मत वेगळं पडेल. कंबरदुखीचे असतील तर पहिली खरेदी पिशवीचीच करावी, असं मला वाटतं. फक्त एक सांभाळा: ओटीपोटाचं हाड किंचित फिरवलं किंवा पाठ उचलली तरी काटा उतरतो. म्हणून एक हात कमरेच्या हाडावर ठेवा, आणि ते हललं तर तो आकडा लिहू नका.