८ मेगाहर्ट्झचा हातातला डॉपलर : पाय आणि हात यांच्या पुनर्रचनेत त्यावर किती विसंबावे?

पाय किंवा हात यांच्या पुनर्रचनेत त्वचा, कंडरा, हाड यांचा विचार सुरू होण्याआधी एक प्रश्न सुटलेला असावा लागतो. जखमेच्या जागी आणि जिथून फ्लॅप (जखम झाकण्यासाठी रक्तपुरवठ्यासह उचललेला त्वचेचा किंवा ऊतींचा तुकडा) उचलायचा त्या जागी रक्त कोणत्या वाटेने येते आणि कोणत्या वाटेने परत जाते, हा तो प्रश्न. रुग्णाच्या पलंगाशेजारी उभे राहून त्याचे उत्तर शोधण्यासाठी आमच्या पुनर्रचना-शस्त्रक्रियेच्या शाखेत पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाणारे साधन म्हणजे खिशात मावणारे, पेनाएवढ्या प्रोबचे (त्वचेवर धरायच्या दांडीचे) डॉपलर यंत्र, जे ध्वनिलहरी सोडून रक्ताचा प्रवाह आवाजात ऐकवते. हा आढावा कोणा एका कंपनीच्या यंत्राचा नसून या प्रकारच्या यंत्राचा आहे, कारण त्यांच्यातील फरक किरकोळ आहेत आणि त्यांच्या मर्यादा मात्र जवळपास सारख्याच आहेत. माझे मत आधीच सांगतो : यंत्र घ्यावे, रोज वापरावे, पण ते प्रवाह आहे एवढेच ऐकवते हे विसरू नये. तो प्रवाह कोणत्या धमनीचा, कोणत्या दिशेने आणि फ्लॅप जगवण्याइतका आहे की नाही, हे वापरणाऱ्यालाच शोधावे लागते.

प्रोबची निवड हा पहिला मुद्दा. पावलाच्या आणि हाताच्या धमन्या त्वचेखाली उथळ असल्याने त्यांच्यासाठी ८ मेगाहर्ट्झचा प्रोब योग्य ठरतो. वारंवारता जितकी जास्त तितकी खोली कमी, म्हणून मांडीतील किंवा सुजलेल्या पोटरीतील खोल धमन्यांसाठी ५ किंवा ४ मेगाहर्ट्झचा प्रोब लागतो. प्रोब बदलता येणारे यंत्र मिळत असेल तर तेच घ्यावे. जेल अल्ट्रासाउंडचेच वापरावे. घाईत ईसीजीचे जेल लावण्याची सवय अनेक वॉर्डांत दिसते, ती प्रोबच्या टोकाला मानवत नाही.

धरण्याच्या पद्धतीवर बहुतेक माहितीपत्रकांत एखादेच वाक्य असते, प्रत्यक्षात मात्र सगळे कौशल्य तिथेच आहे. प्रवाहाची दिशा आणि ध्वनिलहरीची दिशा यांत काटकोन झाला की आवाज नाहीसा होतो. त्यामुळे त्वचेला समांतर धावणाऱ्या धमनीवर प्रोब ४५ ते ६० अंशांत तिरपा धरावा लागतो. याउलट, खोल आवरण भेदून त्वचेकडे वर येणारी लहान वाहिनी, म्हणजे परफोरेटर, उभ्या धरलेल्या प्रोबखाली चांगली ऐकू येते, कारण तिथे प्रवाह प्रोबच्याच दिशेने येत असतो. प्रोब उभा-तिरपा करत राहणे ही म्हणूनच उगाचची चाळवाचाळव नव्हे, ती स्वतःच एक तपासणी आहे. प्रोब दाबून धरणे ही शिकाऊ डॉक्टरांची नेहमीची चूक आहे. बोटाची धमनी साधारण १ मिलिमीटर व्यासाची असते, ती प्रोबच्या वजनानेही चपटी होऊ शकते. प्रोबचे टोक जेलमध्ये तरंगत ठेवावे आणि हाताची करंगळी रुग्णाच्या त्वचेवर टेकवून आधार घ्यावा, म्हणजे आवाज स्थिर मिळतो.

आवाज ओळखणे सरावाने येते. निरोगी धमनीचा आवाज तीन टप्प्यांचा असतो : पुढे जोराचा ठोका, मग क्षणभर उलटा प्रवाह, मग पुन्हा हलका पुढचा. वरच्या बाजूला अडथळा असेल तर हा आवाज एकसुरी, लांबट आणि मऊ होतो. शिरेचा आवाज झुळकीसारखा, श्वासाबरोबर चढणारा-उतरणारा असतो आणि खालची बाजू हलकेच दाबली की तो क्षणभर वाढतो. यंत्राच्या पडद्यावर दिसणारा ठोक्यांचा आकडा या कामात निरुपयोगी आहे. तो आकडा पाहून समाधान मानणारा आवाज ऐकायचे थांबवतो, म्हणून पडद्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. त्यापेक्षा प्रवाहाची दिशा दाखवणारे यंत्र मिळाले तर ते अवश्य पाहावे.

दिशेला इतके महत्त्व का, हे पावलावर कळते. त्वचेच्या रक्तपुरवठ्याचा नकाशा १८८९ मध्ये कार्ल मान्शो यांनी आणि १९३६ मध्ये मिशेल सालमों यांनी मांडला होता. १९८७ मध्ये इयन टेलर आणि पामर यांनी त्याच धाग्यावर अँजिओसोमची कल्पना मांडली : एका मूळ धमनीने पोसलेला, त्वचेपासून हाडापर्यंतचा ऊतींचा त्रिमितीय ठोकळा. पाऊल आणि घोटा मिळून असे सहा प्रदेश मानले जातात. त्यांपैकी तीन पोस्टीरियर टिबियल धमनीच्या शाखांचे (टाचेची शाखा, तळव्याची आतली आणि बाहेरची शाखा), एक पावलाच्या पाठीवरील डॉर्सालिस पेडिसचा आणि दोन पोटरीच्या बाहेरच्या बाजूने उतरणाऱ्या पेरोनियल धमनीचे. टाचेला पोस्टीरियर टिबियल आणि पेरोनियल अशा दोन्हींकडून रक्त येते, तरीही ती एकदा उघडी पडली की भरायला जड जाते.

हे प्रदेश एकमेकांना बारीक वाहिन्यांनी जोडलेले असतात आणि धमनीचे जाळे पावलात कमानीसारखे बंद होते. त्यामुळे डॉर्सालिस पेडिसवर प्रोब ठेवून ठणठणीत आवाज आला म्हणजे अँटीरियर टिबियल धमनी (नडगीच्या पुढून उतरून जिची पुढे डॉर्सालिस पेडिस होते ती) मोकळी आहे असे म्हणता येत नाही. प्रोब पावलाच्या पाठीवर तसाच ठेवून घोट्याच्या पुढे धमनी बोटाने दाबावी. आवाज बंद झाला तर रक्त वरून येत होते. आवाज तसाच राहिला तर ते तळव्याकडून, पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलमधील (पावलाच्या लांब हाडांमधील) फटीतून, उलट येत आहे. आता आतल्या घोट्याच्या मागे पोस्टीरियर टिबियल दाबावी आणि पुन्हा ऐकावे. ही साधी चाचणी न करता पावलाच्या पाठीवरून फ्लॅप उचलणे किंवा तळव्यात छेद घेणे म्हणजे त्या पावलाची एकमेव वाट कापण्याचा धोका पत्करणे होय. सगळ्या यंत्रात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा उपयोग, आणि त्यासाठी प्रोबपेक्षा दुसऱ्या हाताचे बोट जास्त कामाचे असते.

मधुमेही रुग्णांत यंत्राबरोबर घोट्याचा रक्तदाब मोजून हाताच्या दाबाशी त्याचे गुणोत्तर काढण्याची पद्धत आहे. ०.९ पेक्षा कमी गुणोत्तर अडथळा सुचवते. पण मधुमेहात धमनीच्या भिंतीत चुना साठतो, पट्टा फुगवूनही धमनी दबत नाही आणि गुणोत्तर १.४ च्याही वर जाते. तो आकडा चांगल्या रक्तपुरवठ्याचा समजू नये. अशा वेळी आवाजाचे टप्पे आणि पायाच्या अंगठ्याचा दाब अधिक भरवशाचे ठरतात.

आता परफोरेटर. टाच आणि घोट्यामागची जखम झाकण्यासाठी पोटरीवरून खाली वळवला जाणारा सुरल फ्लॅप पेरोनियल धमनीच्या परफोरेटरवर जगतो आणि त्याचा वळणबिंदू बाहेरच्या घोट्याच्या सुमारे ५ सेंटिमीटर वर ठेवण्याची प्रथा आहे. या भागात प्रोब फिरवून परफोरेटर शोधणे हा या यंत्राचा ठरलेला उपयोग, आणि ते फसवते तेही नेमके इथेच. कृश पायात खालची मुख्य धमनी इतकी जवळ येते की तिचाच आवाज परफोरेटर म्हणून पेनाने खुणावला जातो. ओळखायची खूण अशी : परफोरेटरचा आवाज प्रोब काही मिलिमीटर सरकवला की पडतो, तर मुख्य धमनीचा आवाज एका रेषेत वर-खाली चालत राहतो. एवढे करूनही खूण चुकू शकते, म्हणून प्रोपेलर फ्लॅप (एका परफोरेटरभोवती पंख्याच्या पात्यासारखा फिरवायचा फ्लॅप) आखताना आधी एकाच बाजूचा छेद घ्यावा, वाहिनी डोळ्यांनी पाहावी आणि मगच उरलेली आखणी पक्की करावी. पायाला पूर्वी मोठी दुखापत झाली असेल किंवा मुक्त फ्लॅप (पूर्ण सुटा करून नव्या जागी वाहिन्या शिवून बसवायचा) जोडायचा असेल तर सीटी अँजिओग्राफी किंवा रंगीत डुप्लेक्स या रक्तवाहिन्यांचे चित्र दाखवणाऱ्या तपासण्यांची जागा हे यंत्र घेऊ शकत नाही.

हाताबाबत थोडक्यात सांगता येते, कारण हाताची धमनीरचना अधिक सढळ आहे. १९२९ मध्ये एडगर ॲलन यांनी सांगितलेली चाचणी, म्हणजे मनगटाशी धमन्या दाबून हाताचा रक्तपुरवठा पाहणे, तळव्याचा रंग परतण्यावर अवलंबून आहे. तीच चाचणी प्रोब अंगठ्याच्या किंवा बोटाच्या धमनीवर ठेवून केली तर उत्तर अधिक स्पष्ट मिळते. रेडियल फोरआर्म फ्लॅप (मनगटाच्या अंगठ्याकडील रेडियल धमनीसह कोपराखालच्या हातावरून घेतलेला) उचलण्याआधी ती धमनी दाबून अंगठ्याकडे प्रवाह टिकतो का, हे ऐकलेच पाहिजे. बोटांच्या दोन धमन्यांपैकी हाताच्या मध्याकडची सहसा मोठी असते, म्हणजे अंगठा आणि तर्जनीत करंगळीकडची, तर करंगळीत अंगठ्याकडची. तुटलेले बोट जोडताना एकच धमनी शिवता येणार असेल तर हा तपशील उपयोगी पडतो. पायाचे बोट हातावर रोपण्याच्या शस्त्रक्रियेत पहिल्या डॉर्सल मेटाटार्सल धमनीची (पावलाच्या पाठीकडून पहिल्या दोन बोटांमध्ये जाणारीची) खोली प्रत्येक पायात वेगळी असते. ती उथळ असेल तर यंत्रावर छान ऐकू येते, खोल असेल तर मुळीच नाही, आणि तेव्हा ‘आवाज नाही’ याचा अर्थ ‘धमनी नाही’ असा घेऊ नये.

शस्त्रक्रियेनंतरच्या रात्रीच यंत्राची खरी कसोटी लागते. जोडलेल्या वाहिनीत गुठळी होण्याचा धोका पहिल्या ४८ ते ७२ तासांत सर्वाधिक असतो. आवाज जिथे मिळतो तिथे शस्त्रक्रियागृहातच बारीक टाका घालून खूण करावी, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरला शोधाशोध करावी लागत नाही आणि शेजारच्या मूळ धमनीचा आवाज फ्लॅपचा समजला जाण्याची शक्यता घटते. मात्र शिरेत गुठळी झाली तर धमनीचा आवाज काही काळ तसाच चालू राहू शकतो. तो आखूड, तुटक होत जातो, पण हा फरक थकलेल्या कानाला पटकन जाणवत नाही. फ्लॅप निळसर, फुगीर दिसत असेल, दाबून सोडताच रंग झटकन परतत असेल आणि सुई टोचल्यावर काळपट रक्त लगेच येत असेल, तर यंत्र काहीही वाजवो, वरिष्ठांना बोलवावे. शक्य असेल तिथे फ्लॅपमधील शिरेचाही आवाज शोधून त्याची वेगळी खूण करावी. शिरेभोवती गुंडाळून ठेवायचा २० मेगाहर्ट्झचा प्रोबही मिळतो. त्वचा बाहेर न दिसणाऱ्या फ्लॅपसाठी तो उपयुक्त आहे, पण त्याची तार सरकली तरी आवाज जातो आणि विनाकारण जखम उघडण्याची वेळ येऊ शकते.

यंत्र म्हणून तक्रारी फारशा नाहीत, आहेत त्या मात्र नेमक्या आहेत. वायर प्रोबच्या बुडाशी वाकून वाकून तुटते आणि तुटण्याआधी खरखर करते. माझ्या वापरातील एका यंत्राची ती खरखर बराच काळ बारीक परफोरेटरच्या आवाजात मिसळत राहिली. सेल उतरू लागले की आवाज मंद होतो आणि तो रुग्णाचा मंद प्रवाह वाटू शकतो, तेव्हा शंका आली की आधी आपल्याच मनगटावर ऐकून पाहावे. शस्त्रक्रियेदरम्यान प्रोब निर्जंतुक आवरणात घालावा लागतो. आवरणाच्या आत जेल आणि बाहेर सलाईन ठेवले की आवाज व्यवस्थित येतो, आवरणात हवेचा बुडबुडा राहिला तर काहीच ऐकू येत नाही.

घेताना दुकानदार मनगटावर आवाज काढून दाखवतो, तो कोणत्याही यंत्रावर येतो. आपण आपल्या तर्जनीच्या बाजूला, मधल्या पेराजवळ, आवाज कमी ठेवून धमनी शोधावी आणि तसे करताना वायर मुद्दाम वाकवून पाहावी. शिवाय शस्त्रक्रियागृहासाठी आणि वॉर्डासाठी वेगवेगळी यंत्रे घ्यावीत. एकच यंत्र असेल तर ते दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी वर जाते आणि ज्या तासांत फ्लॅपवर सर्वाधिक लक्ष हवे त्याच तासांत वॉर्ड त्याच्याविना राहतो.