शेतावरचं ग्लॅम्पिंग: तंबू चांगलाच, पण आम्ही परत जाणार ते गोठ्यासाठी

तीन रात्री राहून कालच परत आलो. पहिल्या रात्री आम्ही दोघं आणि पोरं (मुलगी 5, मुलगा 9) आमचाच टेंट लावून झोपलो, दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या आणि मग दोन रात्री ग्लॅम्पिंगचा, म्हणजे पलंग-गादीसकट आधीच उभा केलेला, मोठा तंबू घेतला, त्यामुळे दोन्हीबद्दल सांगू शकते.

तंबू फोटोत दिसतो तसाच आहे, गोल, मधे खांब, आत ताठ उभं राहता येतं. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जमिनीवर झोपता येत नाही, त्यांना खरा पलंग आणि जाड गादी मिळाली, त्या दोन्ही रात्री शांत झोपल्या आणि आमच्यासाठी तिथेच पैसे वसूल. कापड जाड कॉटनचं आहे त्यामुळे आत कोंदट होत नाही. आमच्या पॉलिस्टरच्या टेंटमध्ये आम्ही थंडी म्हणून सगळ्या जाळ्या बंद केल्या आणि चौघांच्या श्वासाची वाफ आतून साचून पहाटे थेंब पडायला लागले, पोराची स्लीपिंग बॅग पायाकडून ओली झाली. स्वतःचा टेंट नेणार असाल तर कितीही थंडी असू दे, वरची एक जाळी उघडी ठेवाच.

आता जे खटकलं ते. पोरांना पलंग नव्हते, हवा भरायची गादी दिली होती. मुलीला वरून तीन पांघरुणं घातली तरी ती कुडकुडत होती, कारण गारवा खालून येत होता, त्या गादीतली हवाच गार पडते ना. दुसऱ्या दिवशी सांगितल्यावर शेतवाल्या काकूंनी लगेच फोमच्या पट्ट्या आणि एक जाड घोंगडी खाली घालायला दिली, मग काही त्रास नाही. पण हे आधीच द्यायला हवं होतं. आणि बुक करताना वरच्या अंगाचा तंबू मागा, ओढ्याजवळचे दिसायला सुंदर आहेत पण रात्री गार हवा सगळी खाली तिकडेच येऊन बसते.

तंबूत धुराड्याची छोटी शेगडी आहे आणि सोबत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाय, हे बघून मला खरंच बरं वाटलं. शेजारच्या तंबूतल्या लोकांनी बार्बेक्यूची निखाऱ्यांची शेगडी ऊब म्हणून आत ओढली होती, शेतवाल्या काकांनी बघितल्या बघितल्या बाहेर काढायला लावली, त्या वायूला ना वास ना रंग, झोपेत कळतही नाही. असा लक्ष ठेवणारा माणूस असला की पोरं घेऊन राहायला भीती वाटत नाही.

संडास-बाथरूम कॉमन पण स्वच्छ, थोडं लांब आहे, टॉर्च न्या.

एका गोष्टीवर मात्र मी नाराज आहे. गोठ्याच्या दारात फक्त सॅनिटायझरची बाटली, साबण आणि नळ पार स्वयंपाकघराजवळ. जनावरांच्या शेणातून येणारे काही जंतू, क्रिप्टोस्पोरिडियमसारखे, सॅनिटायझरने मरत नाहीत, साबण आणि वाहतं पाणीच लागतं, आणि लहान पोरं वासराला हात लावून तोच हात तोंडात घालतात. काकांना सांगितलंय, त्यांनी नळ बसवतो म्हटलंय.

आणि गोठा! पोरं रोज उजाडायच्या आत उठून तिकडे पळायची, घरी दहा हाका मारल्याशिवाय उठत नाहीत. इथे पाहुण्यांना नुसतं कुंपणाबाहेरून जनावरं दाखवत नाहीत, चारा घालायला, पाण्याची बादली उचलायला, अंडी गोळा करायला सोबत घेतात आणि प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर देतात. मुलीने विचारलं गाईला वरचे पुढचे दात का नाहीत, तर काकांनी गाईचं तोंड हळूच उघडून तिथली कडक हिरडी दाखवली आणि जिभेने गवत ओढून ती कशी तोडते ते समजावलं. मला स्वतःला हे माहीत नव्हतं. काकूंनी उबवायला ठेवलेलं अंडं अंधारात टॉर्चवर धरलं तेव्हा आत लाल बारीक शिरा आणि मधे हलणारा ठिपका दिसला, माझा मुलगा कितीतरी वेळ काही बोललाच नाही. तो 8वा दिवस होता आणि पिल्लू 21व्या दिवशी बाहेर येतं. घरी आल्या आल्या त्याने कॅलेंडरवर खुणा केल्यात, आज 10वा, अजून 11 राहिले, काकू फोटो पाठवणार आहेत.