नॉरफोक ते बोफर्ट : भाड्याची ट्रॉलर यॉट आणि तिला शोभणारा जलमार्ग

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या इंट्राकोस्टल वॉटरवेचा शून्य मैल व्हर्जिनियातील नॉरफोक येथे आहे. तेथून नॉर्थ कॅरोलायनातील बोफर्टपर्यंतचा सुमारे २०० मैलांचा टप्पा आम्ही एका खासगी कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या ३६ फुटी मोटर यॉटीने पार केला. बोट उत्तम निघाली. ती ज्या पद्धतीने आमच्या ताब्यात देण्यात आली, त्याविषयी मात्र तसे म्हणता येत नाही.

ही यॉट ट्रॉलर जातीची आहे, म्हणजे मासेमारी नौकेच्या धर्तीवर बांधलेली, जड तळाची आणि एकाच डिझेल इंजिनाची. सात नॉटच्या, म्हणजे तासाला सात सागरी मैलांच्या, चालीने तिला तासाला दोन गॅलन, म्हणजे सुमारे साडेसात लिटर, डिझेल पुरते. या मार्गावरील अंतरे सागरी मैलांत नव्हे, तर जमिनीवरच्या मैलांत दिलेली असल्यामुळे सात नॉट म्हणजे तासाला आठ मैल असा हिशेब करावा लागतो आणि त्यानुसार सारा टप्पा पंचवीस तासांच्या इंजिनचालीचा आणि पन्नास गॅलन इंधनाचा ठरतो. एवढ्या संथ बोटीसाठी इतके भाडे का द्यावे, असे कोणालाही वाटेल. परंतु या मार्गावर दिवसाची गती इंजिन ठरवत नाही, पूल ठरवतात.

बाराव्या मैलाच्या सुमारास ग्रेट ब्रिजचे लॉक लागते. एलिझाबेथ नदीचे खारे, भरती-ओहोटीचे पाणी पलीकडच्या कालव्यात शिरू नये, यासाठी दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हा सहाशे फूट लांबीचा हौद बांधलेला आहे. त्यात पाण्याची पातळी थोडीच बदलते, पण दोर धरून उभे राहणे चुकत नाही. लॉकमधून सुटताच समोरचा पूल दिवसा केवळ दर तासाच्या ठोक्याला उघडतो. त्यापुढील सेंटरव्हिल येथील फिरता पूल कचेऱ्यांच्या ये-जा करण्याच्या वेळी बोटींसाठी बंद असतो आणि नॉर्थ लँडिंगचा पूल पुन्हा स्वतःच्या वेळापत्रकाने चालतो. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनात पुलावरील माणसाशी रेडिओच्या तेराव्या चॅनेलवर बोलावे लागते. आम्हाला लाटांनी हेलकावत मागे टाकून गेलेल्या वेगवान बोटी पुढच्या पुलापाशी घिरट्या घालत थांबलेल्या दिसत असत, तेव्हा सात नॉटविषयीची तक्रार आपोआप मिटली.

तळाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण या मार्गावर बोटीची खरी परीक्षा तेथेच होते. या यॉटीचा तळ पाण्याखाली चार फूट जातो आणि तिला पुढे ढकलणारा पंखा तळाच्या लांब कण्यामागे सुरक्षित असतो. जलमार्गाची ठरवलेली खोली या भागात बारा फूट असून ती राखण्याचे काम अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाकडे आहे. तथापि गाळ सरकत राहतो आणि खुणांच्या रेषेबाहेर खोली झपाट्याने कमी होते. दक्षिणेकडे जाताना लाल खुणा उजव्या हाताला ठेवायच्या आणि त्यांवरचा पिवळा त्रिकोण शोधायचा, हा नियम अंगवळणी पडायला वेळ लागत नाही. ॲलिगेटर आणि पंगो या नद्यांना जोडणाऱ्या वीसेक मैलांच्या सरळ कालव्यात मात्र काठालगत बुडालेली खोडे असतात, तर नूस नदीच्या परिसरात खेकड्यांच्या सापळ्यांचे तरंगते बोये वाटेत येतात. उघड्या पंख्याच्या बोटीत तेथे जीव मुठीत धरावा लागला असता.

या तळाची दुसरी बाजू अल्बमार्ल साउंड या रुंद खाडीत दिसते. ते पाणी उथळ असल्यामुळे वारा चढताच आखूड, उभ्या लाटा उठतात, आणि आडव्या लाटेत ट्रॉलर एवढी डोलते की कपाटातील प्रत्येक भांड्याचा हिशेब लागतो. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना हे पाणी ओलांडावे.

स्वयंपाकघर लहान असले तरी गॅसच्या दोन शेगड्या पुरेशा आहेत. अलीकडच्या कॉइनजॉक येथील धक्क्यावरचे उपाहारगृह गोमांसाच्या भल्यामोठ्या तुकड्यांसाठी प्रसिद्ध असल्यामुळे आम्ही तेथे बोट बांधून आपले पिठले-भातच केला. मागील केबिनमधील पलंग सहा फुटी माणसाला अपुरा आहे, आणि जनरेटर चालू असताना तेथे झोप लागणे कठीण.

कंपनीविषयीची तक्रार गंभीर आहे. खोली दाखवणारे यंत्र पाण्याच्या पृष्ठभागापासूनची खोली दाखवते की तळाखालची, हे सोपवणी करणाऱ्या कर्मचाऱ्याला सांगता आले नाही. बारा फुटांच्या मार्गावर या उत्तराखेरीज बोट भाड्याने देणे हे अक्षम्य आहे. शेवटी धक्क्याशी बांधलेल्या बोटीवरून वजन लावलेला दोर सोडून आम्ही स्वतः पडताळणी केली. नांगर उचलणाऱ्या यंत्राचे पायाने दाबायचे बटण मध्येच दगा देत होते, त्याचीही पूर्वसूचना नव्हती. उलट, १८०५ साली खुला झालेला डिस्मल स्वॉम्प कालवा हा पर्यायी मार्ग घेण्यास कंपनीने केलेली मनाई मला रास्त वाटली, कारण त्याची खोली जेमतेम सहा फूट आहे आणि पाण्यात ओंडके असतात.

व्हर्जिनियात दहा किंवा त्याहून अधिक अश्वशक्तीची मोटरबोट चालवण्यासाठी सुरक्षा अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र लागते. त्याखेरीज अनुभवाचा तपशील कंपनी मागतेच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उत्तरेकडील बोटी थंडी टाळण्यासाठी दक्षिणेकडे निघतात, म्हणून त्या दिवसांत धक्क्यावरची जागा आधी राखून ठेवावी. सायप्रसच्या दलदलींतून येणारे चहाच्या रंगाचे पाणी बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, तपकिरी मिशी उमटवते, आणि ती ऑक्झॅलिक ॲसिडने घासून काढण्याची मजुरी आमच्या अंतिम बिलात लावलेली होती. करारावर सही करण्यापूर्वी ही मजुरी आणि बोट बोफर्टहून परत नेण्याचा खर्च कोणाच्या माथी आहे, हे लेखी विचारून घ्यावे.