कुर्ल्यातील सायंकाळचा मकतब : एका वर्षाचा अनुभव
माझी नऊ वर्षांची मुलगी गेले वर्षभर कुर्ल्यात आमच्या घराजवळच्या मकतबात, म्हणजे मुलांना कुरआन शिकवणाऱ्या वर्गात, असर (दुपारनंतरची) आणि मगरिब (सूर्यास्तानंतरची) या नमाजांच्या दरम्यान शिकते. पूर्णतः सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे राज्यघटनेचे अनुच्छेद 28 सांगते. तिची शाळा महानगरपालिकेची असल्याने कुरआनचे वाचन शिकवणारा वर्ग आम्हाला बाहेरच शोधावा लागला.

आधीच्या एका वर्गात नूरानी कायदा (अरबी अक्षरओळखीचे पहिले पुस्तक) संपवून सिपारा (कुरआनच्या तीस भागांपैकी एक) हाती देण्याचीच घाई होती, सबक (धडा) चुकला की सगळ्यांसमोर उभे केले जाई, आणि तीन महिन्यांत मुलीचे पोट रोज त्याच वेळी दुखू लागले. आताच्या आपा (शिक्षिका) आधी आमुख्ता, म्हणजे मागचे धडे, ऐकतात, मगच नवा सबक देतात. घशातून येणारा क़ाफ आणि साधा काफ यांतला फरक त्यांनी असा शिकवला की ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा, हे मुलीने घरी येऊन प्रत्येकाला ऐकवले. दर शुक्रवारी तिसाव्या सिपाऱ्यातील एका लहान सूरेचा (अध्यायाचा) अर्थ सांगितला जातो, तोही आमच्यासारख्या कोकणी घरांतील मुलांसाठी मराठीत. सूरा माऊनमध्ये अनाथाला धुडकावणाऱ्याचा निषेध आहे, हे समजल्यावर तिने विचारलेले प्रश्न मला अजून आठवतात. माझ्या मते या वर्गाचे खरे मोल इथेच आहे.

मे महिन्यात आम्ही दापोली तालुक्यातील गावी जातो. तिथे फजरच्या (पहाटेच्या) नमाजनंतर मोहल्ल्यातील सगळी मुले एकत्र मकतबात जातात, आजोबा ओटीवर बसून सबक ऐकतात, आणि कुरआन पूर्ण झाला की गावभर मिठाई वाटली जाते; मुलाला वेगळे प्रोत्साहन द्यावेच लागत नाही. अर्थ मात्र तिथे क्वचितच कोणी विचारतो. मुंबईत शाळा आणि शिकवणी आटोपून थकलेल्या मुलाला ओढून नेणारी अशी सोबत नसते, त्यामुळे शिकण्याचे कारण त्याला स्वतःलाच पटावे लागते, आणि आपा ते पटवून देतात.

उणीव एकच, पण मोठी आहे. तासाभरात तीसेक मुले असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटे येतात. आठवी-नववीतील मुले शिकवणीच्या वेळेमुळे गळतात, त्यांच्यासाठी रविवारी सकाळचा वर्ग सुरू करावा, असे मी आपांना सुचवले आहे. महिना चारशे रुपयांत मिळणारे हे शिक्षण, विशेषतः लहान मुलांसाठी, मी मनापासून सुचवेन.